आधी शिल्लक मोजा, मग खर्च लिहा

प्रश्न : आम्ही कल्याणला राहतो. मी ठाण्यातील एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते आणि माझे पती ऐरोलीतील एका खासगी कंपनीत आहेत. दोघांचे मिळून महिन्याला ७८,००० रुपये हातात येतात आणि त्यातून घराच्या कर्जाचा २२,५०० रुपयांचा हप्ता जातो. मुलगी तिसरीत आहे, सासूबाई आमच्याबरोबर असतात. कोणालाही व्यसन नाही, उधळपट्टीही नाही, तरीही वीस तारखेच्या सुमारास खात्यात काही उरत नाही आणि पुढचे दहा दिवस क्रेडिट कार्डावर निघतात. कार्डाचे बिल आम्ही दर महिन्याला पूर्ण भरतो, पण त्यामुळे नवा पगार आल्याआल्याच निम्मा होतो. मी तीन वेळा मोबाइलवरील ॲपमध्ये रोजचा खर्च लिहायला घेतला आणि तिन्ही वेळा दहा-बारा दिवसांत तो सुटला, कारण दिवसाला पंधरा-वीस लहानमोठे व्यवहार यूपीआयने होतात आणि रात्री ते आठवत नाहीत. पतींना विचारले की ते चिडतात, “चहाचाही जाब द्यायचा का?” असे म्हणतात. सासूबाईंना भाजी-दुधासाठी रोख पैसे देते, त्यांना हिशेब विचारणे मला प्रशस्त वाटत नाही. दिवाळीला पतींना साधारण एका पगाराएवढा बोनस मिळतो, तोही कोठे जातो ते कळत नाही. हिशेब ठेवायचा तर नेमका कसा ठेवावा? आणि मागील सहा महिन्यांचा खर्च आधी शोधून काढावा लागेल का?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुम्ही तिन्ही वेळा हिशेबाची सुरुवात खर्चापासून केलीत आणि तो तिन्ही वेळा सुटला, याचे कारण तुमचा आळस नव्हे. ज्या हिशेबात शिल्लक मोजलेली नसते, तो पूर्ण झाला की नाही हे लिहिणाऱ्यालाच कळत नाही. चार नोंदी राहिल्या असतील अशी शंका आली की वहीवरचा विश्वास उडतो आणि मग उरलेल्या नोंदी करण्यातही अर्थ वाटत नाही. कीर्द-खतावणी, म्हणजे जमाखर्चाच्या पारंपरिक वह्या, लिहिणारे दुकानदार या अडचणीत पडत नसत, कारण कीर्दीच्या पानावर पहिली ओळ आरंभीच्या शिलकेची असते, मग जमा (आलेले पैसे) आणि नावे (गेलेले पैसे) येते, आणि शेवटी अखेरची शिल्लक काढून ती गल्ल्यातील प्रत्यक्ष रकमेशी ताडून पाहिली जाते. मेळ बसला तर दिवस मिटला, नाही बसला तर नेमकी किती रक्कम निसटली हे निदान समजते. मोबाइलमधील बहुतेक खर्च-नोंदणीत आपण फक्त नावे बाजू लिहितो, तीही आठवेल तेवढीच.

म्हणून माझा सल्ला असा आहे की सध्या रोजचा खर्च लिहिण्याचा नाद सोडा आणि दर रविवारी सकाळी घरातील शिल्लक मोजा. दोघांच्या खात्यांतील रक्कम पाहा, पाकिटांत आणि कपाटात असलेली रोकड मोजा, या सर्वांची बेरीज करा आणि तीमधून क्रेडिट कार्डावर त्या क्षणी देय असलेली रक्कम वजा करा. ही शेवटची वजाबाकी फार महत्त्वाची आहे, कारण कार्डाने केलेली खरेदी खात्यात दिसत नसली तरी ते पैसे तुमचे राहिलेले नसतात, आणि तुमचा नवा पगार आल्याआल्या निम्मा होतो तो याच न दिसणाऱ्या देण्यामुळे.

उदाहरण घेऊन सांगतो. समजा एका रविवारी तुमच्या खात्यात ६,२१५ रुपये, पतींच्या खात्यात १९,०७० रुपये आणि रोख १,९५० रुपये आहेत. बेरीज २७,२३५ रुपये झाली. कार्डाची देय रक्कम ४,२०० रुपये आहे, म्हणजे खरी शिल्लक २३,०३५ रुपये. पुढच्या रविवारी खाती आणि रोकड मिळून २०,४६० रुपये निघाले आणि कार्डाचे देणे ५,२५० रुपये झाले, तर खरी शिल्लक १५,२१० रुपये उरली. मधल्या आठवड्यात मैत्रिणीने परत केलेले ५०० रुपये जमा झाले होते. आता २३,०३५ मध्ये ५०० मिळवून त्यातून १५,२१० वजा केले की ८,३२५ रुपये येतात, आणि हा तुमच्या घराचा त्या आठवड्याचा खर्च झाला. तो काढण्यासाठी एकही चहा, एकही रिक्षा लिहून ठेवावी लागली नाही, आणि तरीही हा आकडा महिनाभर टिपून ठेवलेल्या कोणत्याही यादीपेक्षा अचूक आहे. कर्जाचा हप्ता ज्या आठवड्यात जाईल त्या आठवड्यात तो स्वतंत्र ओळीत दाखवा, म्हणजे आकड्यांची तुलना बिघडणार नाही.

नोंदी करायच्याच असतील तर त्यांचे स्थान यानंतरचे आहे. त्या आठवड्यात तुम्ही जे काही टिपले असेल त्याची बेरीज समजा ६,९०० रुपये भरली, तर १,४२५ रुपये बेहिशेबी राहिले. त्या रकमेपुढे ‘बेहिशेबी’ असेच लिहा आणि पान उलटा. ती शोधण्यासाठी रात्र जागवू नका, आणि मेळ बसावा म्हणून ‘किरकोळ’ या नावाखाली ती दडवूही नका. चार-पाच आठवड्यांत या रकमेचा कल तुम्हाला दिसू लागेल. ती दोनशे-तीनशे रुपयांवर स्थिरावली तर तिच्याकडे दुर्लक्ष करा. हजाराच्या वरच राहिली तर एखादी मोठी गोष्ट नोंदीतून सातत्याने सुटते आहे असे समजावे, आणि बहुधा ती चहाची नसते. बाहेरून मागवलेले जेवण, नातेवाइकांकडील कार्यात पाकिटात घातलेली रक्कम, मुलीच्या वर्गातील वाढदिवसाच्या भेटी किंवा दहा मिनिटांत घरपोच येणाऱ्या सामानाच्या आठवड्यातून चार-पाच ऑर्डरी, अशा ठिकाणी ती सापडते. या शेवटच्या प्रकाराविषयी माझे मत जरा कडक आहे. वाण्याकडे महिन्याची यादी देताना घरात काय आहे ते आपण पाहतो. कोथिंबिरीसाठी ॲप उघडल्यावर मात्र घरपोच आणण्याचे शुल्क पडू नये म्हणून आणखी दीडशे रुपयांच्या वस्तू टोपलीत पडतात, आणि त्या वस्तू कोणाच्याच यादीत नव्हत्या.

शिल्लक मोजताना एक पथ्य पाळावे लागेल, ते असे की एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला पैसा खर्च समजायचा नाही. एटीएममधून काढलेले दोन हजार, तुम्ही पतींना पाठवलेले पाच हजार आणि कार्डाचे भरलेले बिल यांपैकी काहीही खर्च नव्हे. कार्डाने वस्तू घेतली तेव्हाच तो खर्च झालेला होता. बँकेचे एसएमएस वाचून आपोआप हिशेब मांडणारी ॲपे नेमकी येथे चुकू शकतात. कार्डाने घेतलेला किराणा एकदा आणि त्याच कार्डाचे बिल पुन्हा एकदा, असा तोच पैसा ती दोनदा मोजतात, आणि मग महिन्याचा खर्च पगारापेक्षा मोठा दिसून माणूस घाबरून जातो. शिवाय यूपीआयच्या विवरणात पुष्कळदा दुकानाऐवजी दुकानदाराचे व्यक्तिगत नाव येते, त्यामुळे गेलेले १४० रुपये भाजीचे होते की रिक्षाचे, हे ॲपला कळत नाही आणि दोन दिवसांनी आपल्यालाही आठवत नाही. त्यावर सोपा उपाय असा की पैसे देताना रकमेच्या खाली टिपणासाठी जी जागा असते, तेथे शक्य तेव्हा ‘भाजी’, ‘औषध’, ‘रिक्षा’ एवढा एकच शब्द लिहावा. ज्या दिवशी ते जमणार नाही त्या दिवसाची काळजी करू नका, कारण रविवारची शिल्लक तो दिवस सांभाळून घेणार आहे. असे एसएमएस वाचणाऱ्या ॲपला परवानगी देण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे की खर्चाच्या संदेशांबरोबर तुमचे ओटीपीही त्याच पेटीत येतात. तुमच्या घराच्या व्यवहारांना एक शंभरपानी वही पुरेशी आहे.

आता मूळ दुखण्याकडे येतो. तुमच्या पत्रासोबतच्या कागदावर वर्षभरात येणाऱ्या मोठ्या रकमा वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेल्या होत्या, त्या मी एकत्र मांडून पाहिल्या. शाळेची फी दर तिमाहीस १४,००० म्हणजे वर्षाला ५६,००० रुपये; जूनमधील पुस्तके, गणवेश आणि दप्तर ९,०००; सोसायटीचा देखभाल खर्च दर तिमाहीस ७,५०० म्हणजे ३०,०००; कुटुंबाच्या आरोग्यविम्याचा हप्ता २८,०००; पतींच्या मुदत विम्याचा हप्ता १६,०००; मालमत्ता कर ६,०००; स्कूटरचा विमा आणि सर्व्हिसिंग ५,०००; गणपती आणि दिवाळी मिळून ३०,०००; आणि मे महिन्यातील गावाकडचा प्रवास १२,०००. ही बेरीज १,९२,००० रुपये होते, म्हणजे महिन्याला बरोबर १६,००० रुपये.

या सोळा हजारांचा उल्लेख तुमच्या पत्रात कोठेही नाही, कारण ते कोणत्याच एका महिन्यात सोळा हजार म्हणून येत नाहीत. एखाद्या महिन्यात ते शून्य असतात आणि जूनमध्ये फी, पुस्तके आणि सोसायटी मिळून तीस हजारांवर जातात. हप्ता गेल्यावर आपल्याकडे ५५,५०० रुपये खर्चाला आहेत असे तुम्ही दोघे मनाशी धरून चालता, पण प्रत्यक्षात त्यांतील १६,००० आधीच कोणाचे तरी आहेत आणि तुमच्या वाट्याला ३९,५०० येतात. त्यातून वीज १,८००, गॅस ९००, मोबाइल आणि इंटरनेट १,५००, शाळेची व्हॅन १,८००, कामवाल्या बाईंचा पगार २,५०० आणि रेल्वेचे पास सुमारे १,००० असे दरमहा ठरलेले ९,५०० रुपये वजा केले की ३०,००० उरतात. वर्षाच्या बावन्न आठवड्यांवर ते पसरले तर आठवड्याला जेमतेम सात हजार रुपये पडतात. किराणा, दूध, भाजी, औषधे, स्टेशनची रिक्षा, बाहेरचे खाणे, कपडे हे सर्व त्या सात हजारांत बसायचे आहे. वरच्या उदाहरणातील ८,३२५ रुपयांचा आठवडा पाहून कोणालाही तो साधाच वाटला असता, पण महिन्यात तसे चार आठवडे गेले की पाच हजारांहून अधिक रक्कम कार्डावर जाते. तुमचा दिवाळीचा बोनस कोठे जातो, याचेही उत्तर येथेच आहे: जूनपासून गणपतीपर्यंत पडलेला खड्डा भरण्यात तो संपतो.

त्यामुळे पगार जमा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी १६,००० रुपये एका वेगळ्या बचत खात्यात वळवण्याची कायमची सूचना बँकेला द्या. दोघांचे पगार वेगवेगळ्या तारखांना येत असतील तर पतींच्या खात्यातून १०,००० आणि तुमच्या खात्यातून ६,००० असे विभागून घ्या. त्या खात्याला यूपीआय जोडू नका आणि त्याचे डेबिट कार्ड पाकिटात बाळगू नका. फी, विमा, कर आणि सोसायटीचे पैसे नेट बँकिंगने तेथूनच भरायचे, दुसऱ्या कशासाठीही ते खाते उघडायचे नाही. रविवारी शिल्लक मोजताना हे खाते धरू नका, तेथे गेलेला पैसा गेला असेच समजा. यावर कोणी आवर्ती ठेवीचा सल्ला देईल, कारण बचत खात्यावरचे व्याज अगदी कमी असते. परंतु हा पैसा तीन-तीन महिन्यांनी काढावा लागणारा आहे, आणि ठेव मुदतीपूर्वी मोडण्याची सवय लागली की ठेवीला काही अर्थ उरत नाही. थोड्या व्याजावर पाणी सोडलेले परवडेल.

यात एक अडचण आहे, ती आधीच सांगून ठेवलेली बरी. खाते सुरू करताना ते रिकामे असते आणि पहिली फी कदाचित पुढच्याच महिन्यात येते, त्यामुळे पहिल्या वर्षी जमा होणारी रक्कम खर्चाच्या मागे-मागे धावत राहते. दिवाळीचा बोनस येईल तेव्हा तो पूर्णपणे या खात्यात टाका, म्हणजे ही पिछाडी एकदाच भरून निघेल. तोवर एखाद्या तिमाहीत फी कार्डाने भरावी लागली तरी हरकत नाही, मात्र बिल पूर्णच भरण्याचा तुमचा शिरस्ता काहीही झाले तरी मोडू नका. केवळ किमान देय रक्कम भरली तर उरलेल्या रकमेवर तर व्याज लागतेच, पण नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते आणि खरेदीच्या दिवसापासून व्याज चालू होते. अनेक कार्डांवर हा दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांहून अधिक पडतो, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा असतो.

तुमच्या पतींच्या चिडण्याविषयी मला त्यांची बाजू काही अंशी पटते. मिळवत्या माणसाला रोज रात्री चहा-वडापावचा जाब द्यावा लागला तर तो दहा दिवसांत खोटे सांगू लागेल किंवा भांडेल, आणि दोन्हींत हिशेबाचेच नुकसान आहे. म्हणून तुम्हा दोघांसाठीही जाब न देण्याची एक रक्कम ठरवून टाका. यासाठी यूपीआय लाइट, म्हणजे यूपीआय ॲपमधील लहान रकमांचे पाकीट, ही सोय उत्तम आहे. तीत एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येते आणि १,००० रुपयांपर्यंतचे पैसे पिन न टाकता देता येतात. दर रविवारी पतींच्या आणि तुमच्या लाइटमध्ये ठरलेली रक्कम भरा, समजा प्रत्येकी ८०० रुपये, आणि भरल्याक्षणी ती खर्च झाली असे वहीत लिहा. पुढे त्याचा चहा झाला, रिक्षा झाली की कार्यालयातील सहकाऱ्याच्या निरोपाची वर्गणी झाली, हे कोणी कोणाला विचारायचे नाही. बँकेच्या पासबुकातही लाइटमध्ये भरलेली रक्कम तेवढी दिसते, आतले लहान व्यवहार दिसत नाहीत, त्यामुळे पासबुक आटोपशीर राहते. मात्र शिल्लक कमी झाली की आपोआप पुन्हा भरण्याची जी सोय त्यात मिळते, ती घेतली असेल तर आवर्जून बंद करा, कारण आपोआप भरणाऱ्या पाकिटाला तळच नसतो. बुधवारी पाकीट रिकामे झाले तर रविवारपर्यंत थांबायचे किंवा समोरच्याला सांगून वाढवून घ्यायचे. यातले काय करायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

शिल्लक मोजण्याचे काम पतींकडे सोपवा आणि वही तुम्ही लिहा, असेही मी सुचवेन. त्यांनी दोन्ही फोनवरची शिल्लक आणि कार्डाचे देणे वाचून दाखवायचे आणि तुम्ही मांडायचे, एवढ्या कामाला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. त्या बैठकीत कोणत्याही खरेदीवर चर्चा करायची नाही, हा नियम दोघांनीही पाळावा. खर्च सात हजारांच्या वर गेला असेल तर तो आकडा लिहून उठायचे. महिन्यातून एकदा, चार आठवड्यांचे आकडे समोर असताना, कोठे हात आखडता घ्यायचा ते बोला आणि त्या महिन्यासाठी एकच बाब निवडा. किराणा, बाहेरचे खाणे आणि प्रवास या तिन्हींवर एकदम चढाई केली तर पंधरा दिवसांत घरात कोणीही कोणाशी नीट बोलणार नाही.

सासूबाईंना हिशेब विचारू नये हा तुमचा संकोच मला योग्य वाटतो, आणि विचारण्याची गरजही नाही. त्यांच्या हातात दर सोमवारी ठरलेली रक्कम ठेवा आणि ती ठेवली की ‘भाजी-दूध, आई’ अशी एक नोंद करून तो विषय वहीपुरता संपवा. त्यातून त्यांनी देवळात काय ठेवले, नातीला काय घेऊन दिले किंवा डब्यात काय शिल्लक टाकली, हा त्यांचा प्रश्न आहे. रक्कम पुरत नाही असे त्या म्हणाल्या तर निमूटपणे वाढवा, कारण बाजारात रोज तुम्ही नव्हे तर त्या जातात आणि टोमॅटोचा भाव तुमच्या आधी त्यांना कळतो.

पगाराचे पन्नास टक्के गरजांसाठी, तीस टक्के हौसेसाठी आणि वीस टक्के बचतीसाठी, अशी एक विभागणी अलीकडे सर्वत्र सांगितली जाते आणि तुमच्याही वाचनात ती आली असेल. तिच्या मापाने स्वतःला मोजू नका. तुमचा हप्ता, वर्षाच्या मोठ्या रकमा आणि दरमहा ठरलेली बिले मिळून ४८,००० रुपये होतात, म्हणजे किराण्याचा एक दाणा घरात येण्यापूर्वीच पगाराचे साठ टक्क्यांहून अधिक ठरून गेलेले आहेत. शहरात कर्ज काढून घर घेतलेल्या, एक वडीलधारे माणूस आणि एक शाळकरी मूल असलेल्या कुटुंबाला ती विभागणी लागू पडणे अवघडच आहे, आणि ती पाळता येत नाही म्हणून स्वतःला दोष देणे तर अगदीच अनाठायी आहे. तुम्हा दोघांच्या पगारांतून भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर ती बचत चालूच आहे; त्यापलीकडची बचत किती करायची हा प्रश्न तीन महिन्यांच्या वहीनंतर हाती घ्या.

एक किरकोळ काम मात्र याच रविवारी उरकून टाका. दोघांच्या यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ या नावाखाली आपोआप जाणाऱ्या रकमांची यादी असते, आणि कार्डावरून जाणाऱ्या अशा रकमांची यादी बँकेच्या किंवा कार्डाच्या ॲपमध्ये पाहता येते. न पाहिल्या जाणाऱ्या मालिकांचे सभासदत्व, मुलीने एकदा खेळलेल्या खेळाची वर्गणी किंवा करोनाच्या काळात घेतलेला एखादा ऑनलाइन वर्ग तेथे अजूनही चालू असलेला सापडतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी रक्कम कापण्याच्या किमान चोवीस तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते, पण ती सूचना जाहिरातींच्या एसएमएसांत हरवते. जे नको आहे ते तेथल्या तेथे रद्द करता येते.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. मागील सहा महिन्यांचा खर्च शोधत बसू नका. त्यातून जुनी भांडणे नव्याने उकरली जातील आणि हाती काही लागणार नाही. मात्र मागील बारा महिन्यांचे बँकेचे आणि कार्डाचे विवरण एकदा उतरवून घ्या आणि त्यांतील फक्त ३,००० रुपयांच्या वरच्या नोंदींवर पेन्सिलीने खूण करा. तुम्ही पाठवलेल्या कागदावर नसलेल्या दोन-तीन रकमा त्यात नक्की सापडतील. मला तुमच्या यादीत दातांचा दवाखाना, चष्मा, घरातील दुरुस्ती आणि भावाबहिणींकडील लग्नकार्ये दिसली नाहीत, आणि वर्ष त्यांच्यावाचून जाते असे सहसा होत नाही. त्या मिळवल्यावर दरमहाचे १६,००० कदाचित १८,००० होतील. तसे झाले तर बँकेला द्यायच्या सूचनेत तोच आकडा घाला आणि आठवड्याचे सात हजार साडेसहा हजारांवर आणा.